गारफिल्डच्या वर्गात शिक्षक येण्याआधी

१९८८ च्या मार्चमध्ये अमेरिकेत प्रदर्शित झालेला ‘स्टँड अँड डिलिव्हर’ हा चित्रपट शिक्षकांवरच्या चित्रपटांत आजही पहिल्या रांगेत बसवला जातो, आणि तो मान त्याने कमावलेला आहे. ईस्ट लॉस एंजेलिस ही मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी कुटुंबांची वस्ती. तिथल्या गारफिल्ड हायस्कूलमध्ये बोलिव्हियातून आलेले हाइमे एस्कलान्ते नावाचे शिक्षक रुजू होतात. वर्गात दंगा, बाहेर टोळ्यांची भांडणे, अपूर्णांकांपाशीच अडखळणारी मुले आणि त्यांच्याबद्दल आशा सोडून बसलेले सहकारी. अशा मुलांना ते कॅल्क्युलस शिकवतात. मुले देशपातळीवरची अवघड परीक्षा उत्तीर्ण होतात, परीक्षा घेणारी संस्था कॉपीचा संशय घेते, मुले पुन्हा परीक्षेला बसतात आणि पुन्हा उत्तीर्ण होतात. दिग्दर्शक रामोन मेनेन्देस यांनी ही गोष्ट बेताच्या खर्चात आणि संयमाने सांगितली. एस्कलान्ते साकारणाऱ्या एडवर्ड जेम्स ओल्मोस यांना ऑस्करचे नामांकन मिळाले, आणि २०११ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत या चित्रपटाचा समावेश झाला. मुख्य म्हणजे ही गोष्ट घडलेली आहे. एस्कलान्ते खरे, गारफिल्ड खरे, १९८२ ची परीक्षा खरी आणि तिच्यावरचा संशयही खरा.

पण घडलेली गोष्ट कुठून सांगायला घ्यायची, हे सांगणारा ठरवतो, आणि अर्थ बहुतेक वेळा तिथेच ठरून जातो. हा चित्रपट सुरू होतो तो एस्कलान्ते आपल्या मोटारीतून वस्तीत शिरतात तिथून. त्याआधी त्या शाळेत काही घडले असेल, तिथल्या मुलांनी काही मागितले असेल, अशी शंकाही प्रेक्षकाच्या मनात येत नाही. मुलांची पाटी कोरी होती, शिकण्याची तळमळ शिक्षकाने बाहेरून आणून त्यांच्यात जागवली, असा समज घेऊन तो उठतो. गारफिल्डचा इतिहास पाहिला तर क्रम उलटा दिसतो. शिकण्याची मागणी आधी मुलांनी केली होती, तीही भर रस्त्यावर उतरून, पोलिसांच्या लाठ्या अंगावर घेऊन, एस्कलान्ते त्या शाळेत येण्याच्या सहा वर्षे आधी. शिक्षक त्या मागणीनंतर आला. त्याचे मोठेपण याने तसूभरही कमी होत नाही. पण मुलांचे मोठेपण मात्र चित्रपटात निम्म्याहून कमी होऊन पोहोचले आहे, आणि ही उणीव मला गंभीर वाटते.

ही मागणी का करावी लागली, ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात कॅलिफोर्नियात मेक्सिकन मुलांसाठी वेगळ्या शाळा काढण्याची पद्धत ठिकठिकाणी रूढ होती. या पद्धतीला शास्त्राचा आधार असल्याचेही सांगितले जाई. स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९१६ मध्ये बुद्धिमापनावरचे आपले प्रसिद्ध पुस्तक लिहिले. मेक्सिकन आणि मूलनिवासी कुटुंबांतल्या मुलांची बुद्धी वंशामुळेच कमी असते, अमूर्त कल्पना त्यांना झेपणार नाहीत, त्यांना वेगळ्या वर्गांत बसवून कामगार म्हणून तयार करावे, असे त्यांनी त्यात निःशंकपणे मांडले. बुद्धिमापनाच्या चाचण्या त्यानंतरच्या दशकात अमेरिकेतल्या शाळांत सर्वत्र पसरल्या आणि कोणत्या मुलाने काय शिकायचे हे त्यांच्या निकालावर ठरू लागले. ‘मेंडेझ विरुद्ध वेस्टमिन्स्टर’ या खटल्यात १९४७ साली वरिष्ठ न्यायालयाने ऑरेंज काउंटीतल्या वेगळ्या मेक्सिकन शाळा बेकायदा ठरवल्या. गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळांबद्दलचा देशव्यापी निकाल त्यानंतर सात वर्षांनी लागला. म्हणजे कायद्याची भिंत या मुलांसमोरून तुलनेने लवकर हटली. मात्र शाळेच्या आतली भिंत तशीच राहिली. एकाच इमारतीत काहींना कॉलेजच्या वाटेवरचे विषय मिळत, तर बाकीच्यांना सुतारकाम, मोटारदुरुस्ती, शिवण आणि टायपिंग. ईस्ट लॉस एंजेलिसमध्ये ‘बाकीचे’ म्हणजे जवळजवळ सगळेच होते. हे विषय हलके आहेत असे मुळीच नाही. मुलाला विचारल्याशिवाय, त्याच्या आडनावाकडे पाहून ते त्याच्या गळ्यात घातले जात, हा अन्याय होता.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात गारफिल्डमध्ये प्रवेश घेणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुले शिक्षण पूर्ण होण्याआधीच शाळा सोडून जात. वर्गात स्पॅनिश बोलल्याबद्दल शिक्षा होई. शिक्षा म्हणून आवारात झाडलोट करायला लावत. जवळच्या लिंकन हायस्कूलमध्ये साल कास्ट्रो नावाचे सामाजिक शास्त्रांचे शिक्षक होते. त्यांनी आणि या शाळांतल्या विद्यार्थ्यांनी महाविद्यालयीन तरुणांच्या मदतीने मागण्यांची यादी आणि संपाची तयारी करायला घेतली. १ मार्च १९६८ रोजी विल्सन हायस्कूलमध्ये एक नाटक ऐनवेळी रद्द केल्याचे निमित्त झाले आणि तिथली मुले ठरल्या वेळेआधीच बाहेर पडली. पुढच्या आठवड्यात ५ मार्चला गारफिल्डची जवळपास दोन हजार मुले वर्ग सोडून रस्त्यावर आली. मग रूझवेल्ट आणि लिंकनची मुले निघाली. आठवडाभर हजारो विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला. पोलीस आले, काही ठिकाणी मुलांना मारहाण झाली. विद्यार्थ्यांचा संप म्हटला की आपल्याला परीक्षा पुढे ढकला, शुल्क कमी करा अशा मागण्या आठवतात. इथे पंधरा ते अठरा वर्षांची मुले वर्गाबाहेर पडून नीट शिकवा असे म्हणत होती. द्वैभाषिक शिक्षण, मेक्सिकन वंशाचे शिक्षक आणि मुख्याध्यापक, आपल्या लोकांचा इतिहास असलेली पाठ्यपुस्तके, बरी ग्रंथालये, आणि मातृभाषा बोलण्याबद्दलची शिक्षा बंद, अशा त्यांच्या मागण्या होत्या. कॉलेजच्या तयारीचे विषय आपल्यालाही मिळावेत, समुपदेशकांनी आपल्याला थेट कारखान्याच्या दाराकडे ढकलू नये, हे त्यामागचे मूळ गाऱ्हाणे होते.

शिक्षण मंडळाने बऱ्याच मागण्या तत्त्वतः मान्य केल्या आणि पैसे नाहीत म्हणून हात वर केले. सरकारी वकिलांनी त्याच वर्षी कास्ट्रो यांच्यासह तेरा जणांवर कट रचल्याचा आरोप ठेवला, जो पुढे न्यायालयात टिकला नाही. कास्ट्रो यांना शिकवण्याच्या कामावरून दूर करण्यात आले, तेव्हा पालक आणि विद्यार्थी मंडळाच्या सभागृहात ठाण मांडून बसले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना परत घ्यायला भाग पाडून उठले. या पालकांबद्दल अधिक लिहिले जायला हवे. आपल्या समाजाला शिक्षणाची किंमत नाही, हा आरोप त्यांनी वर्षानुवर्षे ऐकला होता. ‘स्टँड अँड डिलिव्हर’मधले पालकही मुलीला हॉटेलात कामाला जुंपणारे, अभ्यासाच्या आड येणारे असेच ठळकपणे लक्षात राहतात. १९६८ च्या शरद ऋतूत एका शिक्षकाच्या नोकरीसाठी सरकारी इमारतीत रात्री काढणारे पालकही याच वस्तीतले होते. शाळा आपल्याला दुय्यम लेखते, हा मुलांचा आरोप खोटा नव्हता, हे पुढे सरकारी पाहणीनेही दाखवून दिले. अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाने नैर्ऋत्येकडच्या राज्यांतल्या शेकडो वर्गांत निरीक्षक बसवले आणि १९७३ मध्ये अहवाल दिला. शिक्षक गोऱ्या मुलांचे कौतुक मेक्सिकन मुलांपेक्षा एक-तृतीयांशाहून अधिक वेळा करत आणि गोऱ्या मुलांनी मांडलेला मुद्दा पुढे नेण्याचे प्रमाणही असेच जास्त होते. एकाच खोलीत, एकाच फळ्यासमोर बसून ही दोन प्रकारची मुले दोन वेगवेगळ्या शाळांत शिकत होती.

एस्कलान्ते गारफिल्डमध्ये आले ते १९७४ मध्ये. बोलिव्हियातल्या ला पाझमध्ये त्यांनी अनेक वर्षे गणित आणि भौतिकशास्त्र शिकवले होते. अमेरिकेत त्या अनुभवाला किंमत नव्हती. उपाहारगृहात फरशी पुसण्यापासून सुरुवात करून, इंग्रजी शिकून, पुन्हा पदवी मिळवून ते वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी परत फळ्यासमोर उभे राहिले. त्यांचा पहिला कॅल्क्युलसचा वर्ग सुरू झाला १९७८ मध्ये, म्हणजे चार वर्षांनी. परीक्षेपर्यंत टिकले पाच विद्यार्थी, उत्तीर्ण झाले दोन. पुढच्या वर्षी नवांपैकी सात, १९८१ मध्ये पंधरांपैकी चौदा, आणि १९८२ मध्ये अठराच्या अठरा. अपूर्णांकांपासून कॅल्क्युलसपर्यंत एका दमात नेणारा चमत्कार इथे नाही. असा एकही विद्यार्थी नव्हता, हे एस्कलान्ते यांनी स्वतःच पुढे सांगितले. या वर्षांत शाळेत काय काय झाले, ते चित्रपटात येत नाही. शाळेची मान्यता जाण्याची वेळ आली होती आणि त्या धास्तीने प्रशासन हलले. १९८१ मध्ये हेन्री ग्रादियास हे मेक्सिकन वंशाचे मुख्याध्यापक आले. त्यांनी जुजबी अंकगणिताचे वर्ग कमी करून बीजगणिताचे वाढवले. बेन हिमेनेझ नावाच्या सहकाऱ्याने कॅल्क्युलसच्या तुकड्यांचा भार वाटून घेतला. जवळच्या ईस्ट लॉस एंजेलिस कॉलेजात उन्हाळी वर्ग भरू लागले आणि कनिष्ठ शाळांतून येणाऱ्या मुलांची बीजगणित-भूमितीची तयारी तिथे होऊ लागली. मेक्सिकन वंशाचे मुख्याध्यापक, वरच्या विषयांचे दार खुले करणारे वेळापत्रक, हे कुठेतरी वाचल्यासारखे वाटते, कारण ते १९६८ च्या मागण्यांत आणि त्यामागच्या गाऱ्हाण्यात होते.

१९८२ च्या संशयाबद्दलही नेमकेपणाने बोलायला हवे. परीक्षा घेणाऱ्या ‘एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस’ने अठरापैकी चौदा मुलांच्या उत्तरांत असाधारण साम्य असल्याचे सांगितले. त्यांतली बारा मुले ऑगस्टमध्ये पुन्हा बसली आणि सगळी उत्तीर्ण झाली. एस्कलान्ते यांचे चरित्रकार, पत्रकार जे मॅथ्यूज यांनी पुढे काही उत्तरपत्रिका पाहिल्या, तेव्हा एका प्रश्नात अनेकांनी अगदी एकसारखी चूक केल्याचे त्यांना आढळले. म्हणजे संशयाला काहीच आधार नव्हता असे म्हणता येत नाही, आणि तसे म्हणण्याची गरजही नाही. प्रश्न होता तो या मुलांना कॅल्क्युलस येते का, हा. त्याचे उत्तर थोड्या दिवसांच्या उजळणीवर, कडक पहाऱ्यात, नव्या प्रश्नपत्रिकेने दिले. पण अमूर्त कल्पना या मुलांना झेपणार नाहीत, असे एका मोठ्या शास्त्रज्ञाने ज्यांच्याबद्दल १९१६ मध्ये छापून ठेवले होते, त्यांच्या बाबतीत संशयाचे वजन वेगळे असते. श्रीमंत उपनगरातल्या शाळेवर असाच संशय आला असता तर त्याला एक चौकशी म्हणून पाहिले गेले असते. इथे तो पिढ्यान्पिढ्या चालत आलेल्या निकालाची पुनरावृत्ती म्हणून वस्तीच्या जिव्हारी लागला. चित्रपटातला तो भाग सगळ्यात जिवंत आहे, कारण तिथे तो एका माणसाला सोडून एका व्यवस्थेकडे बघतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल की १९६८ ते १९८२ या चौदा वर्षांत शाळेत काय सुधारले होते? सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मान्यताच धोक्यात आली होती, मग संपाचे फळ कुठे दिसले? आंदोलनाने कॅल्क्युलसचा एकही वर्ग उघडला नाही, तो एका माणसाने उघडला. यातला तथ्यांश मी मान्य करतो. मागणी करणे आणि ती रोज सकाळी सातला वर्ग उघडून पूर्ण करणे यात फार अंतर आहे आणि ते अंतर एस्कलान्ते यांच्यासारख्या माणसाच्या अंगमेहनतीनेच कापले जाते. पण शिकवण्याची तयारी असलेला माणूस आणि शिकवू देणारी शाळा, या दोन्ही गोष्टी लागतात. एस्कलान्ते यांनी नोकरी सुरू केली तेव्हा सहकारी त्यांना हसत होते. ते टिकले, कारण मुख्याध्यापकांनी पाठीशी उभे राहायचे ठरवले, मुलांना वरच्या वर्गात जायची परवानगी मिळाली आणि शनिवारी, सुट्टीत, पहाटे येण्यासाठी मुले तयार झाली. यातली शेवटची गोष्ट कोणीही आदेश देऊन करवू शकत नाही. ज्या वस्तीतल्या मोठ्या भावंडांनी अभ्यास मागण्यासाठी लाठ्या खाल्ल्या, त्या वस्तीला शिक्षणाची तळमळ शिकवावी लागली, हे मला पटत नाही. संप करणारी मुले १९८२ पर्यंत तिशीच्या आसपास पोहोचली होती. काही जण याच भागात पालक, शिक्षक आणि कार्यकर्ते झाले होते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. एस्कलान्ते स्वतः त्या चळवळीचे नव्हते. ते बोलिव्हियाचे, स्वकष्टावर विश्वास ठेवणारे, वंशाच्या अभिमानाच्या घोषणांपासून दूर राहणारे. १९६८ च्या मुलांनी द्वैभाषिक शिक्षण मागितले होते, तर एस्कलान्ते यांनी त्याला उघड विरोध केला. कॅलिफोर्नियातले बहुतेक द्वैभाषिक वर्ग बंद करणाऱ्या १९९८ च्या ‘प्रपोझिशन २२७’ या जनमताच्या प्रस्तावाचे ते मानद अध्यक्ष होते. मग त्यांना त्या संपाचे वारस कसे म्हणायचे? मनाने ते वारस नव्हते, हे स्पष्टच आहे. पण एखादा माणूस कोणत्या विचाराचा आहे आणि तो कोणत्या जमिनीवर काम करतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ज्या भेदाविरुद्ध मुले रस्त्यावर आली होती, तोच भेद एस्कलान्ते यांनी फळ्यासमोर मोडला. कॉलेजचे विषय निवडक मुलांचे नाहीत, हे म्हणणे दोघांचेही होते. भाषेबाबत मात्र माझ्या मते मुले बरोबर होती आणि शिक्षक चुकले. हे लिहिताना मला त्यांच्याबद्दलचा आदर आवरता घ्यावा लागत नाही.

तिसरा आक्षेप कलेचा. पावणेदोन तासांच्या चित्रपटाने किती सांगायचे? चौदा वर्षांचा इतिहास, सहकारी, मुख्याध्यापक, उन्हाळी वर्ग हे सगळे घातले तर चित्रपट उरणार नाही. संक्षेप करावा लागतो, हे बरोबर आहे. पण काय गाळले जाते, त्याचे परिणाम पडद्याबाहेर होतात. ऑक्टोबर १९८८ मध्ये अध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या वादसभेत आजच्या काळातले वीर कोण, असे विचारले गेले, तेव्हा जॉर्ज बुश यांनी एस्कलान्ते यांचे नाव घेतले. त्या उत्तराने शिक्षकाचा सन्मान झाला, हे चांगलेच. मात्र वीर मिळाला की पैसे, वर्गसंख्या आणि शिक्षकभरती यांचा हिशेब राजकारण्याला द्यावा लागत नाही. गारफिल्डमध्येच त्याची किंमत मोजली गेली. १९८७ मध्ये तिथे ८५ मुले कॅल्क्युलसच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. देशभरात या परीक्षेत यश मिळवणाऱ्या मेक्सिकन वंशाच्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे पाव हिस्सा या एका शाळेतला होता. त्याच वर्षी ग्रादियास शाळेतून गेले. एकेका तुकडीतली मुले पन्नासच्या वर गेली, त्यावरून शिक्षक संघटनेशी खटके उडाले, एस्कलान्ते यांचे गणित विभागाचे प्रमुखपद गेले आणि १९९१ मध्ये त्यांनी शाळा सोडली. यश काही वर्षांतच ओसरले. एका माणसाच्या जिद्दीने सगळे झाले असते, तर मुख्याध्यापक बदलल्यावर त्या जिद्दीची एवढी कोंडी झाली नसती. ती जिद्द १९९१ मध्येही तेवढीच होती.

या दोन इतिहासांना जोडणारे काम पुढे एका कलावंतानेच केले. २००६ मध्ये १९६८ च्या संपावर ‘वॉकआउट’ नावाचा दूरचित्रवाणीपट आला. त्यात साल कास्ट्रो यांची भूमिका मायकेल पेन्या यांनी केली आणि दिग्दर्शन होते एडवर्ड जेम्स ओल्मोस यांचे. म्हणजे ज्याने एस्कलान्ते पडद्यावर उभे केले, त्यानेच अठरा वर्षांनी त्याआधीची गोष्ट सांगितली. त्यातही एक शिक्षक आहे, पण मुलांच्या मागे आणि शेजारी उभा असलेला. निर्णय मुले घेतात, मारही मुले खातात. हा दुसरा चित्रपट पहिल्याच्या मानाने फार थोड्यांनी पाहिला. शाळांतल्या शिक्षकदिनी आणि प्रशिक्षण वर्गांत आजही पहिलाच दाखवला जातो. दोन्ही लागोपाठ दाखवणे अवघड नाही, आणि घटनांच्या क्रमाने दाखवायचे तर दुसरा आधी दाखवावा लागेल.

एस्कलान्ते २०१० मध्ये गेले, कास्ट्रो २०१३ मध्ये. २०१६ च्या जुलैत अमेरिकेच्या टपाल खात्याने एस्कलान्ते यांच्या चित्राचे तिकीट काढले, फळ्यासमोर उभे असलेले, डोक्यावर टोपी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रपोझिशन ५८’ मोठ्या बहुमताने मंजूर करून १९९८ ची द्वैभाषिक शिक्षणावरची बंधने उठवली, आणि १९६८ च्या मार्चमध्ये गारफिल्डच्या मुलांनी मागितलेली एक गोष्ट अठ्ठेचाळीस वर्षांनी राज्याच्या कायद्याने पुन्हा मान्य झाली.